घरी बांधलेल्या छोट्या होडीसाठी जुनी डोलकाठी आणि शीड: समोर आलेल्यातलं कुठलं घेऊ?

प्लायवूडवेडा:

नमस्कार मंडळी. होडी जवळजवळ झाली. ६ मिमी मरीन प्लाय, टाके घालून इपॉक्सी आणि फायबरग्लासच्या पट्टीने जोडलेली. लांबी ३.६ मीटर, रुंदी १.४, पाण्याच्या रेषेवर ३.३ भरते. सुकाणू तयार आहे. डॅगरबोर्डची (होडी आडवी सरकू न देणारं पाण्यातलं उभं पातं) पेटी तर कायमची चिकटवून झाली, त्यामुळे ती आता आहे तिथेच राहणार. अडलंय ते शिडापाशी.

आराखड्यात बॅलन्स्ड लग शीड (चौकोनी, थोडं काठीच्या पुढे येणारं) आहे: ६.५ चौरस मीटर, आखूड काठी, ताणतारा (काठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा) नाहीत. काठी नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) ९५ सेंमीवर. शिडाचं केंद्र काठीच्या मागे ६५ सेंमी आणि शिडाच्या पुढच्या-खालच्या कोपऱ्यापासून दीड मीटर उंच, असं कागदावर लिहिलंय. नवीन शीड शिवून घ्यायचे पैसे इपॉक्सीने खाल्ले. (हे वाचून हसणाऱ्यांनी आपापल्या पावत्या आठवाव्यात.)

शोधताना समोर आलेलं असं. एकाकडे लेझरची (एका माणसाची शर्यतीची छोटी होडी) दोन तुकड्यांची अ‍ॅल्युमिनियमची काठी आहे, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) आणि शिडासकट. दुसरा विंडसर्फिंगची ४६० सेंमीची कार्बन काठी आणि शीड फुकट न्या म्हणतोय, त्याला माळा रिकामा करायचाय. तिसरीकडे होबी १६ कॅटमरानची काठी पडून आहे, लांबलचक, आठ मीटरची. आणि एक जुनी मरणपंथाला लागलेली मिरर डिंगी आहे, बूड कुजलेलं, पण लाल शिडं आणि सगळ्या काठ्या जागेवर. ती मात्र अख्खीच घ्यावी लागेल, मालक सुटे भाग द्यायला तयार नाही.

माझा कल लेझरकडे आहे. शीड ७ चौरस मीटरचं, म्हणजे आराखड्याच्या जवळपास. आणि ताणतारांची कटकट नाही. काय म्हणता?

तिरकावारा:

फुकट मिळतंय ते आधी घरी आणा, मग विचार करा. कार्बन आहे, हलकं आहे. विंडसर्फिंगच्या काठ्या मोडता मोडत नाहीत.

खारट:

तिरकावारा, मोडतात. समुद्रात नाही मोडल्या तरी होडीत मोडतात, आणि त्याला कारण आहे. सर्फबोर्डावर ती काठी खाली एका फिरत्या सांध्यावर उभी असते. सांधा वाकतो, त्यामुळे बुडाशी काठीला वाकवणारा जोर जवळपास शून्य. भार घेते ती बूमच्या पकडीपाशी. तीच काठी तुम्ही डेकच्या भोकात खोचलीत की सगळ्यात जास्त वाकवणारा जोर येतो बरोबर भोकाच्या कडेवर, जिथे तो यावा असं बनवणाऱ्याच्या मनातही नव्हतं. आतून लाकडाचा दांडा इपॉक्सीने बसवून लोक तिला मजबूत करतात, पण मग हलकेपणाचा मुद्दा गेलाच. तरी प्लायवूडवेडा, ती काठी आणाच. कशासाठी, ते शेवटी सांगतो.

होबीची काठी विसरा. ती २.४ मीटर रुंद कॅटमरानसाठी आहे. तिच्या ताणतारांना तेवढा रुंद पाया मिळतो आणि दोन बुडांमुळे होडी सहज कलत नाही. तुमची होडी १.४ मीटरची. कापून आखूड केली तरी जाड नळीच राहते, आणि होडीत वरचं वजन हे सगळ्यात महाग वजन असतं. धक्क्याला बांधलेली होडीसुद्धा डुलताना कळतं.

आता लेझर. शिडाचं क्षेत्रफळ ७.०६, तुमचं ६.५. आकडे जवळ आहेत म्हणून तुम्ही भुललात, आणि जुनं शीड घेणारे बहुतेक जण इथेच भुलतात. क्षेत्रफळ हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, शिडाचं केंद्र पुढे-मागे कुठे येतं. दुसरा, ते किती उंच येतं.

लग शिडाचा एक भाग काठीच्या पुढे असतो. लेझरचं शीड बाहीसारखं काठीवर चढतं, ते सगळंच्या सगळं मागे. पुढची कड पाच मीटरच्या थोडी वर, खालची पावणेतीन मीटरच्या आसपास. त्रिकोणाचं केंद्र कडेपासून एक तृतीयांशावर धरा, म्हणजे काठीच्या मागे ९० सेंमी. मागच्या कडेचा फुगवटा आणि काठीचा मागे झुकाव धरला तर अजून थोडं मागे. तुमच्या कागदावर ६५. म्हणजे केंद्र पाव मीटरहून जास्त मागे सरकलं. पाण्याची रेषा ३.३ मीटर, तिच्या सात-आठ टक्के. पाण्यातल्या पात्याचा प्रतिकार जिथे आहे तिथून शिडाचं केंद्र किंचित पुढे ठेवायचं असतं, ती सगळी शिल्लक यात संपते. होडी सतत वाऱ्याच्या तोंडावर फिरायला बघेल, तुम्ही सुकाणू ओढून धरणार, आणि ओढून धरलेलं सुकाणू म्हणजे पाण्यात लावलेला ब्रेक. पेटी हलत नाही म्हणता, मग काठीच पुढे न्यावी लागेल, ९५ वरून ६५-७० सेंमीवर. तिथे नाळेत तेवढी रुंदी आहे का?

दुसरं, जोर. ढोबळ हिशेब देतो. १५ नॉट (ताशी २८ किमीच्या आसपास) वाऱ्यात ७ चौरस मीटर शिडावर आडवा जोर येतो साधारण ३३ किलोचा. लेझरच्या शिडाचं केंद्र बूमच्या वर १.७ मीटर, बूम डेकच्या वर अर्ध्या मीटरहून जास्त, मिळून २.३ मीटर धरू. ३३ गुणिले २.३ म्हणजे ७६. ताणतारा नसलेली काठी हा सगळा भार डेकचं भोक आणि खालचा पाया या दोघांच्या मधल्या अंतरावर तोलते. तुमच्याकडे ते अंतर किती? ४० सेंमी असेल तर पायावर १९० किलो, आणि भोकाच्या कडेवर सव्वादोनशेच्या आसपास. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे वेगळं सांगायला नको. त्याआधी तुम्ही दोरी सोडाल किंवा होडी उलटेल, पण अचानक आलेला झोत कुणाला विचारून येत नाही. लग शिडाचं केंद्र बुटकं असल्यामुळे पायावरचा हाच आकडा दीडशेच्या आसपास राहतो. आराखडा काढणाऱ्याने पाया त्या हिशेबाने दिलाय.

माझ्या मते मिरर बघा. आणि मालक सुटे भाग देत नाही हे तुमचं नशीब समजा. सुटी काठी घेतलीत की शीड तिच्या खाचेत जात नाही, बूमचा सांधा बसत नाही, दोरीची कप्पी वेगळ्या मापाची निघते. अख्खी मेलेली होडी घेतली की एकमेकांना ओळखणारे भाग मिळतात, वर कप्प्या, क्लीट (दोरी अडकवायचे खुंटे) आणि सुकाणवाच्या बिजागऱ्या फुकट. मी गेली कित्येक वर्षं जुन्या होड्या दुरुस्त करतोय. शिडाच्या जाहिराती मी वाचत नाही, फुटलेल्या होड्यांच्या वाचतो.

मिरर हे १९६२ चं डिझाइन, जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांचं, आणि तुमच्यासारखीच प्लाय टाक्यांनी जोडून घरी बांधायची होडी. लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४, कवच ४५ किलोच्या आसपास. मोठं शीड आणि जिब (काठीच्या पुढचं छोटं शीड) मिळून क्षेत्रफळ ६.५ च्या जवळ जातं. म्हणजे ती शिडं तुमच्याएवढ्याच होडीला ओढण्यासाठी कापलेली आहेत. गंटर पद्धत असल्याने काठी आखूड, वरचा भाग म्हणजे गॅफ ही वेगळी काठी, ती दोरीने वर चढते, आणि सगळ्या काठ्या होडीच्या आत मावतात.

जाऊन मोजून या. डोळ्यांनी नाही, टेपने.

सुईदोरा:

खारटकाका काठ्यांचं बघतीलच, मी शिडांचं सांगते. शिडं शिवणं-उसवणं हेच माझं काम आहे.

गेल्यावर शीड लगेच उलगडून "वा, छान लाल" म्हणू नका. आधी शिवण बघा. डॅक्रॉनच्या (पॉलिएस्टर कापडाच्या) शिडात उन्हाने आधी धागा मरतो, कापड नंतर. टाक्यावरून अंगठ्याचं नख जोरात ओढा. धागा तुटला किंवा भुसा झाला तर सगळ्या शिवणी पुन्हा माराव्या लागतील. त्याने घाबरू नका, तो भाव पाडायचा मुद्दा आहे. झिगझॅग टाका घालणारं घरचं मशीन एका थराच्या शिवणी सहज मारतं, फक्त धागा उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचा हवा, शिंप्याचा साधा नको. कोपऱ्यांवर सात-आठ थर असतात, तिथे हाताची जाड सुई आणि ती ढकलायला तळहातावर घालायचं चामडं.

मग कापड. मागच्या कडेजवळ, जिथे ऊन सगळ्यात जास्त खाल्लेलं असतं, तिथे दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. कागदासारखं टरकलं तर शीड तिथेच ठेवून या, मग ते फुकट असलं तरी. जुनं कापड मऊ पडलेलं असतं, ते चालतं. मऊ शीड फुगतं जास्त, वाऱ्यावर चढताना थोडं मागे पडाल, पण शर्यत कुठे लावायचीय? उजेडासमोर धरा, सुईच्या टोकाएवढी भोकं ओळीने दिसली तर उंदीर किंवा जुनी शिवण, दोन्ही दुरुस्त होतं. बुरशीचे काळे डाग नुसते कुरूप असतात, कापड कमजोर करत नाहीत. ते घालवायच्या नादात मशीनमध्ये टाकू नका, गोडं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं.

आणि एक गोष्ट हमखास सुटते. पुढच्या कडेत दोर शिवलेला असतो, तो वर्षानुवर्षांत आटतो. कापड आटत नाही. मग कडेला चुण्या पडतात आणि लोक म्हणतात शीड गेलं. दोराचे टोकाचे टाके उसवून त्याला सैल होऊ द्या, पुन्हा शिवा, अर्धं शीड परत जिवंत होतं. तेव्हा चुण्यांवरून नाकारू नका.

मोठ्या होडीचं शीड स्वस्तात घेऊन कापून लहान करू, असा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर काढून टाका. त्याचं कापड जाड असतं, हलक्या वाऱ्यात ते फुगतच नाही. शिवाय शिडाचा पोटाचा गोलावा शिवणींमध्ये दडलेला असतो. कडा कापल्या की तो भलत्याच जागी येऊन बसतो.

प्लायवूडवेडा:

जाऊन आलो. मालक आजोबा भले गृहस्थ, स्वतः टेप धरायला उभे राहिले.

काठी लाकडाची, ३ मीटरच्या थोडी वर. मोठं शीड मोजून तिन्ही कडांवरून काढलं तर ४.६ चौरस मीटर, जिब १.९. जिबची खालची कड सव्वा मीटर. शिवणीवरून नख ओढलं, मोठ्या शिडाच्या तीन शिवणी खाली आल्या. जिबचा धागा शाबूत. कापड ताणून बघितलं, काही झालं नाही. चुण्या भरपूर! सुईदोराताई, नाहीतर मी तिथूनच परत फिरलो असतो.

काठीच्या बुडाशी काळसर डाग आहे, बोटभर. बूम ठीक. ताणतारांना हात लावला तर एका ठिकाणी हाताला टोचलं. आजोबा म्हणाले, "ते चालतंय."

आता अडचण अशी की माझी होडी ताणतारांसाठी बांधलेलीच नाही. आणि जिब लावायची तर काठी ९५ वर चालेल का?

खारट:

आजोबांना नमस्कार सांगा आणि ताणतारा तिथेच ठेवा. हाताला टोचलं म्हणजे एक धागा तुटलाय, आणि एक तुटलेला दिसला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत. तारा नव्याच. ३ मिमीची १×१९ (एकोणीस धाग्यांची पिळलेली) स्टेनलेस तार सातशे किलोच्या आसपास तुटते, तुमच्या होडीला पुरून उरेल. जुन्यात पैसे वाचवायची ही जागा नाही.

काळा डाग: स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. घट्ट असेल तर पाणी नुसतं वार्निशखाली शिरलंय, तासून वाळवून पुन्हा वार्निश. टोक आत गेलं तर कुजलंय. मग निरोगी लाकडापर्यंत कापा आणि नवा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडा, जाडीच्या आठपट तरी उतार ठेवून. बुडाशी असल्याने अवघड नाही. हाच डाग गॅफ टेकतो तिथे किंवा तारा बांधतात तिथे असता तर मी नको म्हणालो असतो. त्या दोन जागा ठोकून ऐकल्यात का? नसतील तर घेताना ठोका. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं.

आता जागा. ४.६ च्या शिडाचं केंद्र काठीच्या मागे ७० सेंमी धरू, जिबचं काठीच्या पुढे ५०. क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळवा: ४.६ गुणिले ७०, वजा १.९ गुणिले ५०, भागिले ६.५. उत्तर ३५. म्हणजे दोन्ही शिडांचं मिळून केंद्र काठीच्या मागे ३५ सेंमी. तुम्हाला हवंय नाळेपासून ९५ अधिक ६५, म्हणजे १६० वर. मग काठी आली १२५ वर. लेझरमध्ये पुढे न्यावी लागत होती, इथे ३० सेंमी मागे. आणि सव्वा मीटर कडेची जिब नाळेच्या आत मावते की नाही तेही सुटलं. होडीच्या आडभिंती कुठे आहेत?

प्लायवूडवेडा:

पहिली आडभिंत नाळेपासून १२० वर!!

खारट:

मग काठी तिच्या मागे टेकवून १२५ वर उभी करा. पाया मात्र बुडाच्या प्लायवर नुसता चिकटवू नका. ताणतारांची काठी खाली दाबते, जोरात दाबते. पाया आडभिंतीला आणि मधल्या पट्टीला दोन्हीला पकडू द्या, म्हणजे दाब पसरतो. बुडात पाणी साचून लाकूड कुजू नये म्हणून पायाला निचऱ्याचं भोक.

तारा होडीच्या कडेला जिथे बांधायच्या ते पट्टे काठीच्या सरळ रेषेत नकोत, २५-३० सेंमी मागे, म्हणजे त्या मागूनही धरतात आणि मागे वेगळी तार लागत नाही. तिथे तुमची अर्धी रुंदी ६० सेंमी असेल, तारा काठीवर २.९ मीटर उंच बांधल्या तर वरचा कोन साडेअकरा अंशांच्या पुढे जातो. दहाच्या खाली गेला असता तर तारांवर आणि काठीवर दाब फार वाढला असता. पट्ट्यांच्या मागे आतून कडक लाकडाचा १२ मिमीचा तुकडा चिकटवा आणि बोल्ट आरपार घ्या, स्क्रू नकोत. प्रत्येक बाजूला शंभर-सव्वाशे किलोची ओढ यायची आहे.

काठी ९५ वरच ठेवू आणि जिब लावूच नका, असं कुणी सुचवेल. तसं करता येतं, केंद्र फक्त ५ सेंमी मागे जातं, पण शीड ४.६ च राहतं आणि हलक्या वाऱ्यात दोन माणसं घेऊन होडी हलणार नाही.

तिरकावारा:

मग ती विंडसर्फिंगची काठी कशासाठी आणायची ते राहिलं, काका.

खारट:

बरी आठवण केलीत. मिररचं गॅफ लाकडी असतं, टोकाकडे तडकलेलं निघण्याची शक्यता बरीच. निघालंच तर त्या कार्बनच्या दोन तुकड्यांतून हवी ती लांबी निघते, जाड बाजूने कापून. बारीक टोक वर राहतं आणि झोतात आपोआप वाकून शीड सपाट करतं. कापताना मास्क, चष्मा आणि ओलं पातं, कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. आणि कार्बनला अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट थेट मारू नका, खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं. दोरीचे वेढे द्या, नाहीतर मध्ये फायबरग्लासचा थर.

सुईदोरा:

उसवणारच आहात तर मोठ्या शिडात, वारा वाढला की ते खालून गुंडाळून लहान करायच्या दोऱ्यांची एक ओळ घालून घ्या. खालच्या कडेपासून ६० सेंमीवर, पुढच्या आणि मागच्या कडेला चार थरांचा ठिगळ-कोपरा आणि पितळी रिंग, मधल्या रिंगांना दोन थर पुरतात कारण त्या भार घेत नाहीत, नुसतं कापड गुंडाळून धरतात. बऱ्याच जुन्या शिडांना ही ओळ नसतेच.

प्लायवूडवेडा:

सौदा झाला. शिडं आणि काठ्या आधी आणतोय, कवच नंतर. तारा मोजायच्या तर काठी उभी करूनच मोजायच्या ना, की कागदावर काढून चालतील?

खारट:

उभी करूनच. साधी दोरी बांधून काठी हव्या त्या झुकावात धरा, दोरी मोजा, खालच्या बाजूला टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) किंवा दोरीचे चार वेढे घालायला १५ सेंमी सोडा आणि मग तार कापायला द्या. आणि उभी करण्याआधी वर बघा. विजेची तार असेल त्या अंगणात काठी उभी करायची नाही, लाकडाची असली तरी. तिच्यावर स्टेनलेसच्या तारा लोंबत असतात.